भिंत, छत आणि वाचक : नागर सार्वजनिक लेखनाच्या इतिहासाची एक मांडणी

१

साहित्याच्या इतिहासात लेखनाच्या आधारद्रव्याचा विचार बहुधा प्राचीन काळापुरता मर्यादित राहतो. शिला, ताम्रपट, भूर्जपत्र आणि पोथी यांची चर्चा झाली, की मुद्रणयुग सुरू होते; आणि त्यानंतर साहित्य म्हणजे कागदावरील साहित्य, हे गृहीतक कोणी तपासून पाहत नाही. परंतु मुद्रणाचा प्रसार झाल्यानंतरही भिंतीवर लिहिणे थांबले नाही. उलट आधुनिक शहराने लेखनासाठी पूर्वी कधी नव्हते एवढे पृष्ठभाग उपलब्ध करून दिले : कारखान्यांच्या कुंपणभिंती, रेल्वेमार्गालगतच्या भिंती, चाळींच्या बाजू, उड्डाणपुलांचे खांब आणि उंच इमारतींचे माथे. या पृष्ठभागांवर जे लिहिले व रंगवले गेले त्याचा विचार तौलनिक साहित्याने का करावा, आणि करायचा तर कोणत्या प्रश्नांच्या आधारे, याची मांडणी प्रस्तुत लेखात केली आहे. मांडणीसाठी निवडलेली दोन शहरे, जबलपूर आणि मुंबई, एकमेकांपासून दूर आहेत. तथापि सार्वजनिक पृष्ठभागावर कोणी लिहावे आणि ते कोणासाठी, हा प्रश्न दोन्हीकडे सारख्याच तीव्रतेने उपस्थित झालेला दिसतो.

प्रारंभी शब्दांकडे पाहणे उपयुक्त ठरेल. 'ग्राफिटी' हा ओरखडण्याच्या अर्थाचा इटालियन शब्द मराठी वाचकाच्या परिचयाचा झाला तो 'सकाळ' दैनिकातील अभिजित पानसे यांच्या त्या नावाच्या सदरामुळे. त्यामुळे मराठीत या शब्दाला चटपटीत एकोळी मजकूर असा अर्थ चिकटला. भिंत आणि तिच्यावर लिहिण्यातील जोखीम त्यातून गळून पडली. अभ्यासक 'भित्तिलेख' व 'भित्तिचित्र' असे शब्द वापरतात. कायदा त्याच कृतीला 'विरूपण' म्हणतो. महापालिका तिला, स्वतः करवून घेतल्यास, 'सुशोभीकरण' म्हणते. एकाच कृतीसाठी एवढे शब्द असणे हे भाषेच्या समृद्धीचे लक्षण खरे. पण यातील प्रत्येक शब्दात एक निवाडा आधीच दिलेला आहे, हेही लक्षात घेतले पाहिजे.

२

जबलपूर परिसराला सार्वजनिक लेखनाची परंपरा फार जुनी आहे. पूर्वी जबलपूर जिल्ह्यात असलेल्या आणि १९९८ पासून कटनी जिल्ह्यात मोडणाऱ्या रूपनाथ येथे अशोकाचा लघुशिलालेख आहे. या लेखाचे वैशिष्ट्य असे की, त्यात धर्मविषयक आवाहनाबरोबरच ते आवाहन खडकांवर आणि जेथे शिलास्तंभ असतील तेथे स्तंभांवरही कोरवून घ्यावे, अशी सूचना आहे. म्हणजे ही संहिता स्वतःच्या आधारद्रव्याविषयी बोलते. आपण कोठे लिहिले जावे हे ती स्वतःच सांगते. ज्यांना ब्राह्मी लिपी वाचता येत नव्हती त्यांच्यापर्यंत असा मजकूर कसा पोहोचत असेल, याचे सूचन धौली व जौगड येथील स्वतंत्र लेखांत सापडते. तिष्य नक्षत्राच्या दिवशी लेख ऐकवला जावा, असे तेथे नमूद आहे. सार्वजनिक लेखनाचा वाचक हा प्रथमपासून अंशतः श्रोता होता, असे यावरून म्हणता येईल.

मराठी प्रदेशात याच अडचणीवर वेगळा उपाय शोधला गेला. शिलाहारकाळापासून कोकणात व अन्यत्र आढळणाऱ्या गद्धेगाळांची रचना बहुधा ठरीव असते : वरच्या भागात चंद्र-सूर्य, मधल्या भागात दानाचा मजकूर आणि खाली दान मोडणाऱ्यास दिलेल्या शापाचे उघडेवाघडे शिल्प. हे शिल्प म्हणजे मजकुराची सजावट नव्हे. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाही दान मोडल्याचा परिणाम काय, हे त्यातून कळावे, अशी योजना त्यामागे आहे. येथे चित्र अक्षराच्या जागी येत नाही. ते अक्षराचा अंमल दूरवर पोहोचवते. चंद्र-सूर्य काळाची मर्यादा सांगतात, अक्षरे व्यवहार सांगतात आणि शिल्प शिक्षा सांगते. अक्षर आणि चित्र यांच्यातील ही श्रमविभागणी पुढील विवेचनात वारंवार उपयोगी पडणार आहे.

आधुनिक काळातील त्याचे सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे निवडणूक चिन्ह. १९५१च्या जनगणनेनुसार देशातील साक्षरतेचे प्रमाण सुमारे १८ टक्के होते आणि त्याच सुमारास, १९५१-५२ मध्ये, प्रौढ मताधिकारावर आधारलेली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. चिन्हाशिवाय ती पार पाडणे अशक्य होते. त्यानंतरची अनेक दशके गेरू, चुना आणि निळीने रंगवलेली चिन्हे गावोगावच्या भिंतींवर दिसत राहिली. उमेदवाराचे नाव मधल्या भागात, चिन्ह त्याच्या शेजारी. गद्धेगाळाची रचना प्रजासत्ताकाने आपल्या पद्धतीने पुन्हा शोधून काढली, असे म्हटल्यास ते अतिशयोक्तीचे होऊ नये. फरक एवढाच की, तेथे चित्र भय दाखवत होते, येथे ते निवड करण्याचा अधिकार देत होते.

३

सार्वजनिक पृष्ठभागांत छताचे स्थान वेगळे आहे. भिंत रस्त्याला सामोरी असते, छत आकाशाला. भिंतीवरील मजकूर वाटसरूसाठी असतो, तर छतावर जे उभारले जाते ते दूरच्या नजरेसाठी असते. या दृष्टीने जबलपूरच्या नगर सभागृहावरील १९२३ची घटना नव्याने वाचण्यासारखी आहे.

जबलपूर १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांकडे, १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे आणि १८१७च्या अखेरीस इंग्रजांच्या ताब्यात गेले. पुढे ते मध्यप्रांताचा भाग झाले आणि नागपूर ही त्या प्रांताची राजधानी होती. हिंदी व मराठी भाषकांचा हा संयुक्त प्रांत असल्यामुळे जबलपूरची घडामोड नागपूरला आणि नागपूरची जबलपूरला लगेच पोहोचत असे. १९२२ मध्ये हकीम अजमल खान यांच्या नेतृत्वाखालील काँग्रेसची चौकशी समिती जबलपूरला आली असता नगरपालिकेच्या सभागृहावर चरख्याचा ध्वज लावण्यात आला. त्याचे पडसाद थेट ब्रिटिश संसदेत उमटले आणि असा प्रकार पुन्हा होऊ दिला जाणार नाही, असे आश्वासन तेथे देण्यात आले. १९२३च्या मार्चमध्ये पुन्हा काँग्रेसचे नेते येणार असे ठरताच परवानगीचा प्रश्न उभा राहिला. सोबत युनियन जॅकही लावावा, अशी अट उपायुक्ताने घातली. ती नगरपालिकेने मान्य केली नाही. १८ मार्च १९२३ रोजी पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली निघालेल्या मिरवणुकीतील उस्ताद प्रेमचंद व त्यांच्या साथीदारांनी सभागृहावर ध्वज चढवला. सुंदरलाल यांना सहा महिन्यांची शिक्षा झाली. चळवळीचे केंद्र नागपूरला सरकले. १ मे १९२३ पासून जमनालाल बजाज यांच्या नेतृत्वाखाली तेथे ध्वज घेऊन सिव्हिल लाइन्समध्ये जाण्याचा सत्याग्रह सुरू झाला आणि १८ ऑगस्टपर्यंत दीड हजारांहून अधिक लोक तुरुंगात गेले. जबलपूरच्या कवयित्री सुभद्राकुमारी चौहान यांचा नागपूरच्या या सत्याग्रहातील पहिली महिला सत्याग्रही म्हणून उल्लेख केला जातो.

राजकीय इतिहासात ही घटना ध्वज सत्याग्रह म्हणून सुपरिचित आहे. प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने तिच्यातील तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. एक, वाद ध्वज असण्याबद्दल नव्हता, तर तो कोणत्या छतावर असावा याबद्दल होता. घरावर लावलेला ध्वज मत व्यक्त करतो. नगराच्या सभागृहावर लावलेला ध्वज मालकी सांगतो. दोन, या चिन्हाचा खरा वाचक रस्त्यावर नव्हता. जबलपूरच्या छतावरील कापड लंडनमध्ये वाचले गेले आणि त्या वाचनामुळेच त्याच्यावर बंदी आली. तीन, प्रशासनाने चिन्ह पुसण्यापेक्षा त्याच्या शेजारी दुसरे चिन्ह ठेवण्याचा पर्याय सुचवला. म्हणजे संहितेचा अर्थ भोवतालच्या संहितेवर अवलंबून असतो, हे सत्ताधाऱ्यांनाही नीट ठाऊक होते. छतावरील चिन्हाचा लेखक, परवानगी देणारा आणि अभिप्रेत वाचक या तिघांमधील ताण इतक्या स्पष्टपणे प्रकट करणारी दुसरी घटना या प्रदेशाच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

स्वातंत्र्योत्तर काळात याच शहरात या इतिहासाला चित्ररूप मिळाले. गोलबाजारातील शहीद स्मारकाची भित्तिचित्रे ब्योहार राममनोहर सिन्हा यांच्या नावाशी निगडित आहेत. नंदलाल बोस यांचे शिष्य असलेल्या सिन्हा यांनीच भारतीय संविधानाच्या मूळ हस्तलिखितातील उद्देशिकेचे पान सजवले. त्या पानावर अक्षर आणि आकृती एकमेकांना धरून आहेत. स्मारकाच्या भिंतींवर आकृतीच इतिहास सांगते. ही चित्रे इमारतीच्या आत, छपराखाली आहेत. रस्त्यावर व छतावर घडलेला इतिहास सभागृहाच्या आतील भिंतीवर स्थिरावणे, हा क्रम येथे नोंदवून ठेवू. पुढे मुंबईत त्याच्या उलट हालचाल दिसते.

४

विसाव्या शतकातील मुंबई ही प्राधान्याने अक्षरांची मुंबई होती. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीपासून १९८२च्या गिरणी संपापर्यंत गिरणगावातील भिंतींवर मागण्या, सभांच्या तारखा आणि घोषणा लिहिल्या गेल्या. चौकाचौकांत फळे होते. त्यांवर खडूने रोज नवा मजकूर येई आणि दुसऱ्या दिवशी तो पुसला जाई. मंडळाचा सुविचार, निधनवार्ता, मोर्चाची हाक आणि प्रतिपक्षाला दिलेला टोला यांना त्या फळ्यावर सारखेच स्थान होते. या लेखनाला लेखकाचे नाव नसे. असे ते संघटनेचे. ते तात्पुरते होते, परंतु निनावी व तात्पुरते असणे हे त्याचे न्यून नव्हते. मौखिक परंपरेतील रचनेप्रमाणे ते पुनःपुन्हा नव्याने सिद्ध होत असे, आणि ज्यांच्यासाठी ते लिहिले जाई त्यांच्यापैकीच कोणीतरी ते लिहीत असे. लेखक आणि वाचक एकाच गल्लीत राहत होते, ही त्याची मुख्य खूण.

हे लेखन कमी होण्याची कारणे एकाहून अधिक आहेत. निवडणूक आयोगाने १९९०च्या दशकात आचारसंहिता कठोरपणे राबवली. मध्य प्रदेशात १९९४ मध्ये आणि महाराष्ट्रात १९९५ मध्ये मालमत्तेच्या विरूपणास प्रतिबंध करणारे कायदे झाले. गिरण्या बंद पडल्या आणि त्यांच्या भिंतींबरोबर त्यांचे वाचकही पांगले. संगणकावर छापलेल्या फ्लेक्सने कुंचला चालवणाऱ्या पेंटरचा व्यवसाय हिरावून घेतला. फ्लेक्समुळे मजकूर नाहीसा झाला नाही, पण हस्ताक्षर नाहीसे झाले. आणि शब्दांची जागा मोठ्या प्रमाणावर चेहऱ्यांनी घेतली.

या पार्श्वभूमीवर २००९च्या ऑगस्टमध्ये सेनापती बापट मार्गावरील, म्हणजेच जुन्या तुळशी पाइप रस्त्यावरील, रेल्वेच्या लांबलचक भिंतीवर 'द वॉल प्रोजेक्ट' साकारला. महापालिकेच्या संमतीने शेकडो लोकांनी ती भिंत रंगवली. हौशी व व्यावसायिक, लहान व मोठे असे सर्व जण त्यात होते आणि या खुलेपणाचे श्रेय उपक्रमाला दिले पाहिजे. मात्र राजकीय व धार्मिक मजकूर आणि जाहिरात यांना तेथे मज्जाव होता. शहराच्या शांततेच्या दृष्टीने ही अट समजण्यासारखी आहे. परंतु इतिहासाच्या दृष्टीने पाहिल्यास, त्या परिसरातील भिंतींवर पूर्वी जे प्रामुख्याने लिहिले जात होते नेमके तेच वगळून भिंत 'खुली' झाली, असा तिचा अर्थ होतो.

त्यानंतरच्या दशकात चित्र वर सरकू लागले. रणजित दहिया यांनी २०१२ मध्ये सुरू केलेल्या 'बॉलिवुड आर्ट प्रोजेक्ट'मधून वांद्र्याच्या भिंतींवर चित्रपटसृष्टीतील चेहरे आले. २०१४ मध्ये वांद्रे रेक्लमेशन येथील दूरध्वनी निगमच्या इमारतीवर दादासाहेब फाळके यांचे भव्य चित्र रंगवण्यात आले. ही चित्रे रस्त्यावरून चालणाऱ्यापेक्षा उड्डाणपुलावरून मोटारीतून जाणाऱ्याला अधिक चांगली दिसतात. वाचनाचा वेग बदलला की संहितेचे स्वरूप बदलते : चालत्या वाहनातून घोषणा वाचता येत नाही, चेहरा ओळखता येतो.

या प्रक्रियेचे टोक घाटकोपरजवळील असल्फा येथे दिसते. २०१७च्या डिसेंबरमध्ये 'चल रंग दे' या उपक्रमात शेकडो स्वयंसेवकांनी या टेकडीवरील वस्तीच्या शंभरावर भिंती रंगवल्या. त्यानंतर इटलीतील सागरतीरावरील पोझितानो या गावाशी तिची तुलना होऊ लागली. येथील स्थलरचना महत्त्वाची आहे. २०१४च्या जूनमध्ये सुरू झालेली वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो उन्नत मार्गावरून या टेकडीसमोरून जाते. मेट्रो येण्यापूर्वी ही वस्ती रस्त्यावरून तुकड्यातुकड्यांनी दिसे. मेट्रोने तिला प्रथमच एक संपूर्ण दृश्य म्हणून उपलब्ध करून दिले. रंग आला तो त्या दृश्याला. वस्तीतील रहिवाशाला समोरच्या घराची भिंत दिसते. सर्व भिंती मिळून होणारे चित्र त्याला आपल्या दारातून दिसत नाही. ते पाहायचे तर त्याला तिकीट काढून मेट्रोत बसावे लागेल. संहिता ज्याच्या घरावर लिहिली आहे तो तिचा अभिप्रेत वाचक नाही, ही परिस्थिती साहित्यविचाराला विचारात पाडणारी आहे.

याचा अर्थ रहिवाशांना रंग नको होता असा नव्हे. उजळलेल्या गल्लीचा आनंद खरा असतो, आणि वस्तीचे नाव तक्रारीऐवजी कौतुकाने घेतले जाणे ही क्षुल्लक गोष्ट नाही. प्रश्न एवढाच आहे की, भिंत रंगली आणि छत तसेच राहिले. अशा वस्त्यांत पावसाळ्यापूर्वी पत्र्यांवर ताडपत्री पसरली जाते. मुंबईच्या छतांवरील सर्वांत मोठे आणि दरवर्षी नव्याने घडणारे रंगकाम कोणते असेल तर ते या निळ्या ताडपत्रीचे. आणि त्याचा हेतू दिसणे हा नसून पाणी थोपवणे हा आहे.

५

दोन परदेशी उदाहरणांशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. फ्रेंच कलावंत जे. आर. यांनी २००९ मध्ये केनियातील नैरोबी शहराच्या किबेरा वस्तीत तेथील स्त्रियांची प्रचंड छायाचित्रे छपरांवर पसरली. ही छपरेही जवळून जाणाऱ्या आगगाडीतून दिसतात. म्हणजे असल्फाप्रमाणेच येथेही अभिप्रेत वाचक प्रवासी आहे. परंतु छायाचित्रे जलरोधक कापडावर छापलेली असल्यामुळे घरात पाणी झिरपणे थांबत होते. एकच वस्तू बाहेरच्यासाठी प्रतिमा आणि आतल्यासाठी छप्पर ठरली. दोन वाचकांना दोन अर्थ देणाऱ्या संहिता साहित्याला अपरिचित नाहीत. येथे तो द्व्यर्थ पावसाच्या संदर्भात साधला गेला.

दुसरे उदाहरण ब्राझीलमधील साव पावलो शहराचे. तेथील 'पिशासाव' या प्रकारात शहराच्या कडेच्या वस्त्यांतील तरुण जिवावर उदार होऊन उंच इमारतींच्या माथ्यांवर काळ्या रंगात उभट, टोकदार अक्षरे लिहितात. ही अक्षरे सर्वसामान्य नागरिकाला वाचता येत नाहीत. लिहिणाऱ्यांच्या गटांनाच ती वाचता येतात. मजकूर बहुतेक वेळा लिहिणाऱ्याचे वा गटाचे नाव एवढाच असतो. ब्राझीलच्या २०११च्या एका कायद्याने मालकाच्या संमतीने काढलेली ग्राफिटी गुन्ह्याच्या कक्षेतून वगळली. पिशासाव मात्र गुन्हाच राहिला. व्यवहारात याचा अर्थ असा झाला की, रंगीत चित्राला नागरिकत्व मिळाले आणि काळ्या अक्षराला ते नाकारले गेले. मुंबईत जे अटीच्या रूपाने घडले ते तेथे कायद्याच्या रूपाने घडले. दोन्हीकडे चित्र हे निरुपद्रवी आणि अक्षर हे संशयास्पद मानले गेले. ज्या संस्कृतीत गद्धेगाळावरील चित्रच अधिक धाक घालणारे होते तिच्या दृष्टीने हा उलटफेर विशेष विचारणीय आहे.

६

येथे पुन्हा जबलपूरकडे वळू. शहराच्या उत्तर भागातील गोहलपूर ही दाट वस्ती आहे. तेथील सपाट छते एकमेकांना लागून आहेत आणि ती दृश्य म्हणून वापरात नाहीत. ती घराचाच एक भाग आहेत. वाळवण, कपडे, पतंग, उन्हाळ्यातील झोप आणि शेजाऱ्याशी बोलणे हे तेथले व्यवहार. खाली गल्ल्यांत नागरी आणि नस्तालीक अशा दोन लिप्यांतील पाट्या एकमेकींजवळ आढळतात. एक डावीकडून उजवीकडे व दुसरी उजवीकडून डावीकडे जाणारी. मराठी अंमलात याच प्रदेशाचा कारभार मोडीत चालत होता, हे लक्षात घेतले म्हणजे या भिंतींमागील लिप्यांचे थर किती आहेत याची कल्पना येते. २०१६ मध्ये स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या वीस शहरांत जबलपूरची निवड झाली आणि त्याच वर्षी स्वच्छ सर्वेक्षणाला प्रारंभ झाला. तेव्हापासून देशातील अन्य शहरांप्रमाणे येथेही स्वच्छतेची घोषवाक्ये व चित्रे भिंतींवर आली. या लेखनाचे वैशिष्ट्य असे की, ते नागरिकाला उद्देशून असले तरी त्याचे मूल्यमापन करणारा वाचक बाहेरून येतो आणि गुण देऊन जातो. १९२३ मध्ये जबलपूरच्या छताचा वाचक लंडनला होता. आता भिंतीच्या वाचकांत सर्वेक्षकाची भर पडली आहे. दोन्ही प्रसंगांतील राजकीय अंतर मोठे आहे आणि ते पुसून टाकण्याचा येथे हेतू नाही. परंतु शहराचा पृष्ठभाग दूरच्या वाचकासाठी लिहिला जाणे, ही बाब दोन्हींत समान आहे.

या विवेचनावरून सार्वजनिक लेखनाच्या अभ्यासासाठी चार प्रश्न सुचवावेसे वाटतात. पृष्ठभाग कोणाच्या मालकीचा आहे? लिहिण्याची परवानगी कोणी, कोणत्या अटीवर दिली? संहितेचा अभिप्रेत वाचक कोठे उभा आहे, गल्लीत, उड्डाणपुलावर की छताच्याही वर? आणि ती किती काळ टिकावी अशी अपेक्षा आहे? रूपनाथचा खडक, गद्धेगाळ, गिरणगावातील फळा, नगर सभागृहावरील ध्वज आणि असल्फाची टेकडी या सर्वांना हे चार प्रश्न विचारता येतात आणि उत्तरे प्रत्येक वेळी वेगळी येतात. हेच प्रश्न छापील पुस्तकालाही लागू पडतात, हे सांगण्याची गरज नसावी. पुस्तकाच्या बाबतीत आपण ते विचारायचे विसरलो आहोत, एवढेच.

शेवटी एका व्यावहारिक निकडीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. शिलालेखांचे ठसे घेतले गेले, त्यांची वाचने प्रसिद्ध झाली, त्यांच्यावर वाद झाले. गिरणगावातील भिंतींचे आणि फळ्यांचे असे काहीच झाले नाही. त्या लेखनाचा पुरावा आता वृत्तपत्रांतील छायाचित्रांच्या पार्श्वभूमीत आणि लिहिणाऱ्यांच्या स्मरणात उरला आहे. लिहिणाऱ्यांपैकी अनेक जण आज वृद्ध आहेत. भिंतींवरील चित्रांची छायाचित्रे आज विपुल प्रमाणात निघतात, त्यामुळे त्यांच्या स्मृतीची चिंता नाही. परंतु त्यांच्याखाली चुन्याने झाकल्या गेलेल्या अक्षरांची नोंद त्या अक्षरांच्या लेखकांकडूनच घ्यावी लागेल. मराठी विभागांनी आणि तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांनी हे काम हाती घेतले नाही, तर विसाव्या शतकातील मराठी लेखनाचा एक मोठा भाग, जो पुस्तकांपेक्षा अधिक लोकांनी रोज वाचला, इतिहासाच्या बाहेर राहील.